घरखरेदी, तारणकर्ज आणि कागदपत्रांचा शोध

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. परंतु अलीकडे शेतकरी वर्गावर घर बांधण्यापेक्षां तयार घर विकत घेण्याचा प्रसंग अधिक येऊं लागला आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं बिऱ्हाड करावें लागतें. दरमहा भाडें भरण्यापेक्षां कर्ज काढून एखादें लहानसें घर आपलेंच करावें, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. विचार चांगला आहे. मात्र बैल घेतांना जो शेतकरी दांत पाहतो, औताला जुंपून पाहतो, चार माणसांस विचारतो, तोच शेतकरी जन्माची पुंजी ज्यांत घालावयाची त्या घराचे कागद न वाचतां, ‘बँकेच्या वकिलानें पाहिले आहेत’ एवढ्यावर विसंबून खरेदीखतावर सही करतो, हें आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत वारंवार पाहिलें आहे. म्हणून घराच्या हक्काचा शोध म्हणजे काय, तो कोणासाठीं असतो व त्यास खर्च किती येतो, याची माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शोध कोणासाठीं?

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की ठेवावी. बँक कर्ज देण्यापूर्वीं आपल्या वकिलाकडून हक्काचा शोध घेवविते. त्याची फी बहुधा कर्जदाराकडूनच वसूल होते. फी आपण दिली म्हणून तो वकील आपला झाला, असा कर्जदाराचा समज होतो. परंतु वकिलाची बांधिलकी बँकेशीं असते, आणि त्याचा अहवाल बँकेच्या प्रश्नाचें उत्तर असतो. बँकेचा प्रश्न ‘आमचें कर्ज वसूल होईल काय?’ हा असतो. घेणाऱ्याचा प्रश्न ‘हें घर निर्वेधपणें माझें व माझ्या मुलांचें होईल काय?’ हा असला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ आलें म्हणजे दुसऱ्याचेंही ‘होय’च येतें असें नाहीं, कारण बँकेपाशीं घराखेरीज कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी असते, जामीनदार असतात, क्वचित् शेतजमीनही असते. घराच्या हक्कांत खोट निघाली तरी हप्ता थांबत नाहीं.

आम्ही नोकरींत असतांना एका तालुक्यांतील प्रकरणाचे कागद आमच्या हाताखालून गेले. एका शेतकऱ्यानें तालुक्याच्या गांवीं दोघां भावांकडून त्यांचें वडिलोपार्जित घर बारा लाखांचें कर्ज काढून घेतलें. मिळकत पत्रिकेवर त्या दोघांचींच नांवें होतीं, तीस वर्षांच्या सूचींत कोठेंही गहाण नव्हतें, म्हणून बँकेच्या वकिलाचा अहवाल स्वच्छ आला. दोन वर्षांनीं त्या भावांच्या बहिणीनें वाटणीचा दावा लावला. ती दूरच्या जिल्ह्यांत दिलेली होती, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर वारसनोंद करतांना तिचें नांव दिलेंच गेलें नव्हतें. तिचा हक्क खरा होता व तो तिनें मागितला, यांत तिचा दोष कांहीं नाहीं. पण एक भाऊ तोंवर वारला होता, दुसऱ्याजवळ वसूल करण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें. चार वर्षें दावा चालला. तेवढा काळ घेणारा एकीकडे हप्ते भरीत होता व दुसरीकडे कोर्टाच्या तारखा करीत होता. अखेर तडजोड झाली, परंतु बहिणीच्या हिश्शाची रक्कम उभी करण्यासाठीं त्यास दीड एकर बागायत विकावी लागली. ‘मयतास मुली किती?’ एवढा एक प्रश्न खरेदीपूर्वीं विचारला असता तर ती जमीन राहिली असती.

दप्तरांतील शोध

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराचें खरेदीखत नोंदविणें सक्तीचें आहे. नोंदलेल्या दस्तांची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरींत पुस्तक क्रमांक १ मध्यें राहते व तिच्या सूची ठेवल्या जातात. सूची क्रमांक १ माणसांच्या नांवांची, सूची क्रमांक २ मिळकतींची. ठरलेली फी भरून हें पुस्तक व या सूची कोणासही पाहतां येतात. त्यास मालकाची संमति लागत नाहीं. अलीकडच्या वर्षांची सूची नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही पाहतां येते. जुन्या वर्षांसाठीं कचेरींतच बसावें लागतें.

शोध घेतांना एक चूक सर्रास होते. मिळकत आज ज्या नंबरानें ओळखली जाते तेवढ्याच नंबरानें शोध घेतला जातो. वास्तविक एकाच जागेस पूर्वीं सर्व्हे नंबर होता, जमीन एकत्रीकरणानंतर गट नंबर आला, गांव वाढल्यावर सिटी सर्व्हे नंबर पडला आणि नगरपालिकेनें घर नंबर निराळाच दिला, असें असूं शकतें. वीस वर्षांपूर्वींचें गहाण त्या वेळच्या नंबराखालीं नोंदलेलें असतें. तेव्हां जितके नंबर होऊन गेले तितक्या सर्वांनीं, शिवाय विकणाऱ्याच्या व त्याच्या पूर्वजांच्या नांवांनींही, शोध घ्यावा. तालुक्यांत दुय्यम निबंधकाच्या एकाहून अधिक कचेऱ्या असल्यास सर्व पाहाव्या.

नोंदणी कचेरीनंतर महसूल व भूमापन दप्तर. शेतीच्या नंबरांत घर असेल तर सातबारा व आठ-अ, गांवठाणांत किंवा शहरांत असेल तर मिळकत पत्रिका पाहावी. नुसता चालू उतारा पाहून भागत नाहीं. उताऱ्यावर जे फेरफार क्रमांक वर्तुळांत लिहिलेले असतात, ते प्रत्येक फेरफार काढून वाचावे. नांव कोणत्या कारणानें लागलें, खरेदीनें, वारसानें, वाटणीनें कीं हक्कसोडीनें, हें तेथेंच कळतें. ‘इतर हक्क’ या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावें. कूळ, बोजा, इकरार, कोर्टाची मनाई, पुनर्वसनाचे निर्बंध या सर्वांची जागा ती आहे. ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नवीन शर्त’ असे शब्द दिसले तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहिल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊं नये. आदिवासी खातेदाराच्या जमिनीस तर कायद्याचें संरक्षण याहून कडक आहे.

येथें आमच्या खात्याविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. अधिकार अभिलेखाची पद्धति मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें सुरू झाली आणि आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालीं चालते. त्यांतील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. परंतु नोंद हा मालकीचा पुरावा झाला, ती स्वतः मालकी उत्पन्न करीत नाहीं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ तर निव्वळ कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नांव आहे म्हणून घर त्याचें, असें समजणें धोक्याचें. गांवठाणांतील घरांस हक्काचा कागद मिळावा म्हणून २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली असून तिच्याखालीं ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. ज्या गांवीं हें काम पुरें झालें आहे तेथें विकणाऱ्याकडे ही पत्रिका अवश्य मागावी.

तीस वर्षेंच कां?

बँका व वकील बहुधा तीस वर्षांचा शोध मागतात. यामागें मुदतीच्या कायद्याचा हिशेब आहे. गहाण ठेवणारानें गहाण सोडवून घेण्याचा दावा १९६३ च्या कायद्याप्रमाणें तीस वर्षांच्या आंत आणावा लागतो. १९०८ च्या जुन्या कायद्यांत हीच मुदत साठ वर्षांची होती. म्हणून तीस वर्षांमागें जाऊं नये असा प्रघात पडला. परंतु ताबेगहाणांत, म्हणजे धनको मिळकतीचा ताबा घेऊन तिच्या उत्पन्नांतून वसुली करतो त्या प्रकारांत, ही मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजावयाची नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. तेव्हां विकणाऱ्याच्या आज्याकडे घर ‘गहाणानें आलें’ अशी गांवांत बोलवा असेल तर तीस वर्षांवर न थांबतां मूळ दस्तापर्यंत जावें. ‘मुदतखरेदी’ असा शब्द आढळला तरी तोच नियम. त्या दस्तांतच परतीची अट लिहिलेली असेल तर तें खरेदीखत नसून गहाणही ठरूं शकतें.

सूचींत जें दिसत नाहीं

नोंदणीच्या सूचींत दस्त दिसतात, माणसें दिसत नाहींत. म्हणून पुढील गोष्टी निराळ्या वाटेनें तपासाव्या लागतात.

वारस: घर वडिलोपार्जित असेल तर मूळ पुरुषापासून आजपर्यंतची वंशावळ कागदावर मांडून मुलगे, मुली, विधवा, पूर्वीं वारलेल्या मुलांचीं मुलें यांची नांवें लिहावीं व प्रत्येकानें आपला हक्क कसा दिला वा सोडला तें पाहावें. हिंदु उत्तराधिकाराचा कायदा १९५६ पासून मुलीस बापाची वारस मानतो. २००५ च्या दुरुस्तीनें ती मुलाप्रमाणें जन्मतः सहदायाद झाली, आणि राहत्या घराची वाटणी मागण्यास तिला पूर्वीं जी अडचण होती तीही गेली. बहीण ‘कांहीं म्हणणार नाहीं’ असें भावानें सांगितलें तर उत्तर एकच: मग तिनें खरेदीखतावर सही करावी, किंवा आधीं नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावें. अज्ञान मुलाच्या मालकीचें घर पालकानें कोर्टाच्या परवानगीवांचून विकलें असेल तर तें मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार मोडूं शकतें, हेंही ध्यानीं ठेवावें.

कागद ठेवून केलेलें गहाण: मूळ हक्कलेख बँकेंत ठेवून कर्ज काढण्याची रीत फार रूढ आहे. असें गहाण पूर्वीं नोंदवावें लागत नसे, म्हणून सूचींत दिसतही नसे. महाराष्ट्रांत १ एप्रिल २०१३ पासून त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणें सक्तीचें झालें. बँकांच्या तारणांची एक केंद्रीय नोंदवहीही २०११ पासून चालू असून फी भरून ती कोणासही पाहतां येते. तथापि सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे. मूळ कागद डोळ्यांनीं पाहावे. झेरॉक्स पुढें करून ‘मूळ गहाळ झाले’ असें कोणी म्हणेल तर तेथेंच सावध व्हावें.

सोसायटीचा इकरार: हा विषय आपल्या सभासदांस विशेष लागू आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ प्रमाणें सभासदानें कर्जासाठीं इकरार करून दिला म्हणजे त्यांत लिहिलेल्या मिळकतीवर बोजा बसतो, आणि सर्व कर्ज फिटेपर्यंत केलेली विक्री कायद्यानें रद्दबातल ठरते. तेव्हां सोसायटीचा येणें-बाकी नसल्याचा दाखला व बोजा कमी झाल्याचा फेरफार हे दोन्ही कागद पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. नुसता दाखला पुरत नाहीं. आम्हीं कित्येक उताऱ्यांवर फिटलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षें तसाच बसलेला पाहिला आहे.

चालू दावे: दावा चालू असतांना मिळकत घेणारावर त्या दाव्याचा निकाल बंधनकारक होतो. म्हणून तालुक्याच्या दिवाणी कोर्टांत व महसुली कचेऱ्यांत विकणाऱ्याच्या नांवानें चौकशी करावी. कोर्टांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नांवानें शोध घेतां येतो.

ताबा: घरांत राहतो कोण? भाडेकरी असेल तर तो कोणत्या अटीवर आहे? हें पाहण्यास वकील लागत नाहीं. दोन वेळां, एकदां दिवसा व एकदां दिवेलागणीस, आपणच जावें, शेजाऱ्यापाशीं बसावें, चतुःसीमा पावलांनीं मोजून दस्ताशीं ताडून पाहाव्या. पाण्याचा निकाल, वाट, सामाईक भिंत यांचे तंटे येथेंच कळतात.

मुखत्यारपत्र: केवळ कुलमुखत्यारपत्र व पैसे दिल्याची पावती यांवर घराची मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे. साठेखतानेंही मालकी येत नाहीं. नोंदणीकृत खरेदीखतच पाहिजे.

नव्या इमारतींतील सदनिका घ्यावयाची असेल तर तो प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे काय, तें पाहावें. नोंदलेला असल्यास हक्काचा अहवाल व मंजूर नकाशे संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. पांचशें चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या इमारतीस ही नोंदणी लागत नाहीं, म्हणून तेथें आपलाच शोध अधिक कसून घ्यावा.

वकील व त्याची फी

मुंबईस हें काम सॉलिसिटर करतात, आपल्या तालुक्यास दिवाणी काम करणारे वकीलच करतात. त्यांच्या फीचें एकच ठरीव मान नाहीं. काम, वर्षें व गांव पाहून ती ठरते. म्हणून ‘फी किती?’ एवढेंच न विचारतां ‘त्या फींत काय काय येतें?’ हें विचारावें व लिहून घ्यावें. किती वर्षांचा शोध? कोणकोणत्या कचेऱ्यांत? फेरफार वाचणार काय? कोर्टांतील चौकशी? वर्तमानपत्रांतील जाहीर नोटिशीचा खर्च आंत कीं बाहेर? खरेदीखताचा मसुदा? नोंदणीच्या दिवशीं हजेरी? अहवाल सहीशिक्क्यानिशीं आपल्या नांवें मिळेल काय? शोध फी भरल्याच्या सरकारी पावत्याही मागून घ्याव्या. शोध प्रत्यक्ष झाला याचा तो पुरावा आहे. बँकेच्या वकिलाच्या अहवालाची प्रतही मागावी. दोन अहवाल शेजारीं ठेवून वाचले म्हणजे एकांत राहिलेलें दुसऱ्यांत दिसतें. विकणारानें सुचविलेला वकील मात्र घेऊं नये.

जाहीर नोटीस ज्या भागांत वाचली जाते त्या पत्रांत, मिळकतीच्या पूर्ण वर्णनासह द्यावी. तिनें कोणाचा खरा हक्क बुडत नाहीं, परंतु हरकत घेणारा खरेदीपूर्वींच पुढें येण्याचा संभव वाढतो, व हाच तिचा लाभ.

एकंदर खर्चाचा अंदाज

पुष्कळ लोक घराची किंमत वजा कर्ज एवढीच रोकड जमवितात व ऐनवेळीं सावकाराचें दार गांठतात. तें टाळण्यासाठीं एक उदाहरण देतों. घराची किंमत २०,००,००० रुपये आहे असें समजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जांत बँकेस किंमतीच्या शेंकडा ९० पर्यंत कर्ज देतां येतें, म्हणजे फार तर १८,००,०००. कित्येकदां याहून कमीच. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी वगैरे खर्च, दहा लाखांवरील घराच्या बाबतींत, या किंमतींत धरतां येत नाहीं. मुद्रांकाचा दर गांव, नगरपालिका, महानगरपालिका यांप्रमाणें बदलतो व तो खरेदीची रक्कम आणि सरकारी मूल्यदर तक्त्यावरील किंमत यांपैकीं जी जास्त तिच्यावर लागतो. येथें हिशेबापुरता तो शेंकडा ६ धरूं. मग स्वतःच्या घरांतून २,००,०००, मुद्रांकास १,२०,०००, नोंदणी फी शेंकडा १ प्रमाणें २०,०००, मिळून ३,४०,००० रुपये झाले. नोंदणी फीची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. यावर वकील, शोध, जाहीर नोटीस, बँकेची प्रक्रिया फी, मूल्यांकन, गहाणाच्या दस्ताचा मुद्रांक, त्याची सूचना नोंदविण्याचा खर्च हीं निराळींच. राहतें घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास महाराष्ट्रांत १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांकांत शेंकडा एकची सूट आहे. उदाहरणांतल्या घरावर ती २०,००० रुपये होते. पुष्कळदां तेवढ्यांत वकिलाचा व शोधाचा खर्च निघून जाईल.

इतक्या खर्चांत लोक काटछाट करतात ती नेमकी शोधाच्या फींत, कारण बाकीचे आंकडे सरकारचे व बँकेचे असल्यानें कमी होत नाहींत. पण सर्व यादींत घराचें रक्षण करणारा खर्च तोच एक आहे.

क्रम असा ठेवावा. इसार थोडाच द्यावा व तो लेखी, ‘हक्क निर्वेध न निघाल्यास परत’ या अटीवर. नंतर शोध, नोटीस, वंशावळ. मग साठेखत, कर्जमंजुरी व खरेदीखत. घरावर विकणाऱ्याचें जुनें कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून बाकीचा आंकडा लेखी घेऊन ती रक्कम परभारें त्या बँकेंतच भरावी. विकणाऱ्याच्या हातीं देऊं नये. खरेदीखत नोंदल्यावर मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर आपलें नांव लागेपर्यंत पाठपुरावा करावा. तलाठी, म्हणजे आतांच्या भाषेंत ग्राम महसूल अधिकारी, नोंद करील, पण ती प्रमाणित झाली कीं नाहीं हें पाहणें खातेदाराचेंच काम आहे.

कर्ज फिटल्यानंतर

शेवटला हप्ता भरल्यावर काम संपत नाहीं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आंत मूळ कागद परत करून आपला बोजा बँकेनें काढून टाकला पाहिजे, आणि तिच्या दोषानें उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई कर्जदारास दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेतांना कर्ज देतेवेळच्या यादीशीं एक एक ताडून घ्यावा; म्हणून ती यादी पहिल्याच दिवशीं बँकेकडून सहीनिशीं मागून ठेवावी. उताऱ्यावरील बोजा उतरला म्हणजेच कर्ज फिटलें असें समजावें.

आपल्या सोसायटीच्या सभासदांपैकीं ज्यांस यंदा घर घ्यावयाचें असेल, त्यांनीं सुगीच्या धांदलीपूर्वींच उतारे, फेरफार व सूची काढावयास लागावें. हे कागद मिळण्यास वेळ लागतो, व घाई करणारा विकणारा त्या वेळेचाच फायदा घेतो. वंशावळ मांडण्यास मात्र कोणत्याही कचेरीची वाट पाहावी लागत नाहीं. ती आजच मांडावी, आणि तींत मुलींचीं नांवें प्रथम लिहावीं.